कुणाचं कुणाशी काय चाललंय

गॉसिप वाचणाऱ्यांबद्दल न वाचणाऱ्यांचा एक ठाम समज असतो, की या बिचाऱ्यांना ते सगळं खरं वाटतं. अहो नाही वाटत. कधीच नव्हतं वाटत. माझ्या आत्यानं रसरंगसारख्या मराठी फिल्मी साप्ताहिकापासून इंग्रजी स्टारडस्टपर्यंत (इंग्रजी येत नसताना, नुसते फोटो बघत) आयुष्यात काही सोडलं नाही, आणि प्रत्येक बातमी वाचून झाली की तिचं पहिलं वाक्य असायचं, "काहीतरी छापतात मेले", आणि लगेच दुसरं, "पण मला आधीच वाटलं होतं". ही दोन वाक्यं एका दमात म्हणता आली की तुम्ही पक्के गॉसिप वाचक झालात. खरं असेल तर वाटलंच होतं, खोटं असेल तर मेले काहीही छापतात, दोन्हीकडून आपण शहाणे.

आता गॉसिप म्हणजे मोबाईलवर तासातासाला येणारं असं काहीतरी झालंय म्हणून जरा जुनं सांगते. ऐंशीचं दशक, कराड, आणि एक खाजगी लायब्ररी. वर्गणीचे प्रकार दोन, नुसतं पुस्तक किंवा एक पुस्तक एक मासिक. आमच्याकडे दुसरा. पुस्तक आठ-दहा दिवस ठेवलं तरी चालायचं, पण नवा अंक दुसऱ्या दिवशी परत, कारण मागं नंबर लागलेले. हिरोईनच्या बरोब्बर गालावर लायब्ररीचा जांभळा शिक्का, आणि मधलं पोस्टर कुणीतरी ब्लेडनं इतक्या सफाईनं काढलेलं असायचं की पिना जागच्या जागी आणि पान गायब. आई लायब्ररीतून यायची तेव्हा वर जाडजूड कादंबरी आणि खाली पालथा घातलेला अंक, म्हणजे वाटेत कुणी भेटलं तर ती कादंबरीवाली बाई. बाबांचा वेगळाच बहाणा. नाशिकहून निघणाऱ्या रसरंगमध्ये सिनेमाबरोबर क्रिकेटही भरपूर असायचं, त्यामुळे ते कायम क्रिकेटसाठीच वाचायचे. गावसकर आणि वेंगसरकरसाठी. मग झीनत अमानचं कुणाशी काय बिनसलंय ते त्यांना कुठून माहिती असायचं देव जाणे.

मायापुरी मात्र सलूनमध्ये. दिल्लीहून निघणारं हिंदी साप्ताहिक, १९७४ पासूनचं, आणि माझी खात्री आहे की महाराष्ट्रातल्या निम्म्या पुरुषांचं हिंदी त्यावरच सुधारलं असणार. आमचे भाऊ केस कापून यायचे ते नव्या बातम्या घेऊनच. एकदा तर मोठा भाऊ अर्धी मिशी राहिलेली तसाच आला होता, कारण वाचता वाचता मान खाली घातली आणि वस्तरा चालला.

तर मुद्दा साप्ताहिकाचा. आठवड्यातून एकदा येतं ही त्यातली फार मोठी गोष्ट होती असं मला आता वाटतं. कारण बातमी असायची दोन परिच्छेदांची आणि ती पुरवायची असायची आठ दिवस, मग ते दोन परिच्छेद बायका चघळणार किती, दुपारी धान्य निवडताना, नळावर, संध्याकाळी ओट्यावर, मग त्यात आपल्या मनचं घालायचं, मग कुणीतरी म्हणायचं छे गं तसं नाही ते, मागच्या महिन्यात वेगळंच आलं होतं, मग जुना अंक शोधायचा, तो रद्दीत गेलेला, मग त्यावरून सासू-सुनेचं. आणि पुढच्या अंकात हमखास खुलासा यायचा की सदर वृत्त निराधार असून आम्ही केवळ चांगले मित्र आहोत. खुलासा आला की आत्या पुस्तक मिटायची आणि म्हणायची, चला म्हणजे खरं आहे.

पण याच्यापेक्षा मोठं एक कारण होतं, आणि ते मला खूप उशिरा, माझ्या स्वतःच्या लग्नानंतर कळलं.

धर्मेंद्र आणि हेमामालिनीचं लग्न १९८० मध्ये झालं. पहिली बायको प्रकाश कौर, चार मुलं, घटस्फोट नाही. देशातल्या सगळ्या फिल्मी मासिकांना कित्येक महिने पुरलेला विषय. त्यानंतर प्रकाश कौरनं स्टारडस्टला मुलाखत दिली आणि तिनं चक्क नवऱ्याची बाजू घेतली. ती मुलाखत इंग्रजी, पण तिच्यातलं सार मराठी वाचणाऱ्यांपर्यंत झिरपत आलंच, जसं सगळंच यायचं. मी तेव्हा अगदीच लहान, पण हा विषय आमच्या ओट्यावर पुढं वर्षानुवर्षं निघत राहिला म्हणून मला पाठ आहे. आता गंमत बघा. आमच्या नात्यात एक काकू होत्या, त्यांच्या मिस्टरांचं दुसऱ्या गावात दुसरं घर होतं. सगळ्यांना माहिती होतं. कुणीही, म्हणजे कुणीही, त्याबद्दल त्यांच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. पण प्रकाश कौरचा विषय निघाला की त्या काकू बोलायच्या! एरवी हळू आवाजात बोलणारी बाई, पण तेव्हा आवाज चढायचा. "तिनं काय करायचं होतं मग? चार पोरं घेऊन कुठं जायचं होतं? बोलणाऱ्यांचं काय जातंय." आणि दुसरी कुणीतरी म्हणायची की मी असते तर घरात घेतलं नसतं, आणि तिसरी म्हणायची पैसा त्याच्याकडं आहे ना बाई, आणि आजी मध्येच, की त्या हेमाची आई एवढी खमकी होती म्हणतात तर तिनं कसं होऊ दिलं. तासभर चालायचं. नवऱ्यानं दुसरं घर केलं तर बाईनं काय करावं, मुलांना काय सांगावं, इस्टेटीचं काय, लोकांना तोंड कसं दाखवावं, सगळ्याची चर्चा, आणि काकूंचं नाव एकदाही नाही. सगळं धर्मेंद्रच्या बंगल्यातलं. त्या काकूंना कुणी कधी विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं, पण त्यांना काय वाटतं ते आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहिती होतं, प्रकाश कौरमुळं.

नंतर मला दिसायला लागलं की सगळ्याच विषयांचं असं होतं. मुलगी वयानं फार लहान असेल तर? घ्या, राजेश खन्ना आणि डिंपल, १९७३ च्या मार्चमध्ये लग्न, ती सोळाचीसुद्धा नव्हती आणि तो तिशीत, बॉबी तर तेव्हा रिलीजसुद्धा व्हायचा होता. लग्नानंतर बाईनं काम सोडावं का? परत डिंपल. तिनं सोडलं आणि ऐंशीच्या दशकात मुली घेऊन वेगळी झाली, परत काम सुरू केलं, आणि आमच्या शेजारच्या ताईंनी डीएड करायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या सासूबाईंना पटवायला डिंपलचा दाखला दिलेला मी स्वतः ऐकलाय. (सासूबाई म्हणाल्या ती पंजाबी आहे. म्हणजे गुजराती होती, पण असो.) कुंकू कुणाच्या नावाचं लावायचं, यावर तर १९८० च्या जानेवारीत ऋषी-नीतूच्या लग्नाला रेखा भांगात सिंदूर भरून आली तेव्हापासून महाराष्ट्रात चर्चासत्र सुरू आहे. ती म्हणाली शूटिंगवरून थेट आले. आत्याचा यावर विश्वास होता असं मला वाटत नाही.

आणि हे छापायचे कसे, त्यातही कला होती. सगळ्यात मस्त म्हणजे नाव न घेता लिहिलेला मजकूर. "जुहूला राहणारा एक उंचापुरा विवाहित नायक सध्या एका दाक्षिणात्य नायिकेच्या मेकअप रूममध्ये जरा जास्तच रेंगाळतो म्हणे." बास. पुढचं काम वाचकाचं. उंचापुरा कोण कोण, जुहूला कोण कोण राहतं, दाक्षिणात्य म्हणजे कोण, सध्या आउटडोअर कुणाचं चाललंय, हे सगळं डोक्यात असल्याशिवाय तुम्हाला उत्तर सापडायचं नाही. आमच्या घरात ज्या बाईला वाणसामानाचा हिशोब करताना दोनदा बेरीज करावी लागायची ती हे दहा सेकंदात सोडवायची. आणि नाव छापलेलं नसल्यानं कुणी अब्रूनुकसानीचा दावा लावायची भीती कमी, वर वाचक खूश की आपण ओळखलं.

मसाला यायचा कुठून, तर ड्रायव्हर, हेअरड्रेसर, मेकअपमन, स्पॉटबॉय, आणि बरेचदा खुद्द निर्माता. पिक्चर रिलीज व्हायच्या आधी हिरो-हिरोईनचं जमलंय अशी आवई उठली की तिकीटबारीला बरंच असतं, त्यामुळे पिक्चरची प्रसिद्धी सांभाळणारा पीआरओ स्वतःच पेरायचा. स्टारसुद्धा एकमेकांबद्दल सांगायचे आणि छापून आलं की सगळ्यात जास्त तेच चिडायचे.

एक गोष्ट मला कायम गमतीची वाटते की मुंबईतल्या इंग्रजी गॉसिपच्या धंद्यात आपली मराठी माणसं केवढी पुढं होती. आपण म्हणतो मराठी माणूस नाटकात आणि संगीतात. स्टारडस्ट निघालं ऑक्टोबर १९७१ मध्ये, नारी हिरा मालक, आणि पहिली संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे, जन्म साताऱ्याचा, वय तेव्हा विशी ओलांडून थोडंसंच. पहिल्याच अंकाच्या कव्हरवर प्रश्न की राजेश खन्नानं गुपचूप लग्न केलंय का. प्रश्नचिन्ह बघा. अख्खा धंदा त्या प्रश्नचिन्हावर उभा राहिला. त्यांचे चुलतभाऊ गौतम राजाध्यक्ष, ज्यांनी सगळ्या हिरोईन्सचे ते स्वप्नातले वाटतील असे फोटो काढले, त्यांनी आपल्या मराठी चंदेरीचं संपादन केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ मध्ये, बाबूराव पटेलांचं फिल्मइंडिया, आणि त्यातली त्यांची ती खवट प्रश्नोत्तरं. लोक प्रश्न विचारायचे ते बाबूराव आपला कसा अपमान करतात हे वाचायला.

आणि देवयानी चौबळ! ही बाई म्हणजे स्वतःच एक पिक्चर. पांढऱ्या साड्या, स्टार अँड स्टाईलमधलं ते फ्रँकली स्पीकिंग नावाचं सदर, आणि इंग्रजीत बिनदिक्कत हिंदी मिसळून लिहायची पद्धत. राजेश खन्नाला सुपरस्टार म्हणायला तिनं सुरुवात केली असं बरेच जण मानतात. धर्मेंद्र एकदा भर लोकांत तिच्या अंगावर धावून गेला होता, हेमाबद्दल लिहिलं म्हणून. तो किस्सा तर इतक्यांनी इतक्या प्रकारे सांगितलाय की त्याच्यावरच एक साप्ताहिक निघेल. आमच्या आजीला तिच्याबद्दल फार कौतुक होतं. लिहिते काय त्याचं नाही, ते आजीला वाचताच यायचं नाही. कौतुक याचं की एक मराठी बाई एवढ्या मोठ्या हिरोला न घाबरता लिहिते.

अमिताभचं वेगळंच. आणीबाणीत फिल्मी मासिकांवर सेन्सॉरची कात्री आली त्यामागं तोच आहे असा मासिकवाल्यांचा समज झाला, मग त्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला आणि त्यानंही त्यांच्यावर. बरीच वर्षं. देशातला सगळ्यात मोठा स्टार आणि स्टारडस्टमध्ये त्याची मुलाखत नाही. रोज जेवणात भात नाही असं.

पण सगळंच काही गमतीचं नव्हतं आणि ते न लिहिता हा लेख संपवला तर बरोबर होणार नाही. स्मिता पाटील. आपली मुलगी, दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, वडील मंत्री, आई समाजकार्य करणारी, आणि अभिनयाबद्दल मी काय बोलणार. तिचं राज बब्बरशी जमलं, तो आधीच विवाहित, आणि मासिकांनी तिला जे काही म्हटलंय ते म्हटलंय. बायकांच्या प्रश्नांवर बोलणारी, बायकांसाठी सिनेमे करणारी, ही दुसरीचा संसार मोडते हाच सूर. आमच्या ओट्यावरही तोच. मघाशी सांगितलेल्या काकू तर तिचा पिक्चर टीव्हीवर लागला की उठून जायच्या. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, एकतीस वर्षांची, मूल पंधरा दिवसांचं. पुढच्याच अंकांत तीच मासिकं काळी चौकट घालून रडत होती. आणि आमच्याकडे त्या काकूसुद्धा. मला आठवतंय कारण मी शाळेतून आले तेव्हा स्वयंपाकघरात तीन बायका बसल्या होत्या आणि चूल पेटलेली नव्हती. मला कळेचना की जिला इतकं बोलायच्या तिच्यासाठी या का रडतायत. खोटं नव्हतं ते रडणं. बोलणंही खोटं नव्हतं. तिच्या नावानं स्वतःच्या घरातल्या न दिसणाऱ्या त्या दुसऱ्या बाईला शिव्या घालून झाल्या होत्या आणि आता तीच गेली होती, असं काहीतरी असावं, मला अजून नीट सांगता येत नाही.

रेखाचं त्याहून वाईट. दिल्लीच्या उद्योगपतीशी १९९० च्या मार्चमध्ये लग्न, ऑक्टोबरमध्ये त्यानं जीव दिला, ती त्या वेळी देशातसुद्धा नव्हती, तर कव्हरांवर तिला नवऱ्याला खाणारी ठरवून मोकळे. डाकीण म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. २०२० मध्ये सुशांतसिंग राजपूत गेल्यावर टीव्हीवाल्यांनी रिया चक्रवर्तीचं जे केलं ते बघताना मला सारखी ती कव्हरं आठवत होती. २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करतोय म्हणून अहवाल दिला तेव्हा किती जणांनी ती बातमी बघितली? मेलेल्या नवऱ्याची किंवा मित्राची जबाबदारी बाईवर टाकायची हे गॉसिपनं शोधून काढलेलं नाही, ते आपल्या ओट्यावरच होतं, मासिकांनी फक्त चकचकीत कागदावर छापलं. म्हणून मला मासिकांना एकट्यांना शिव्या घालणंही जमत नाही. आम्ही विकत घेत होतो. बरं, लायब्ररीतून आणत होतो.

माधुरीवर मात्र मराठी घरांत वेगळा नियम. ती आपली, अंधेरीची, दीक्षितांची. तिचं नाव कुणाशी जोडलेलं छापून आलं की घरातल्या मुलीबद्दल कुणी काही बोलल्यासारखं वातावरण. १९९३ मध्ये संजय दत्तला अटक झाली तेव्हा आमच्या आत्याला बॉम्बस्फोटाच्या खटल्यापेक्षा माधुरीची काळजी. आणि मग १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर श्रीराम नेन्यांशी लग्न! आत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सर्जन. त्यात नेने. पत्रिका तिनंच जुळवली असावी इतकी खूश. त्या महिन्यात तिनं मासिकाला म्हणून हात लावला नाही, म्हणाली आता काय वाचायचंय.

आता सगळं मोबाईलवर, आणि लोक म्हणतात गॉसिप वाढलंय. मला तसं वाटत नाही, मला वाटतं फोटो वाढलेत. विराट-अनुष्काचं २०१७ चं इटलीतलं लग्न, पुढच्या वर्षी दीपिका-रणवीरचं, तेही इटलीतच, आणि दोन्हीकडे फोटो पहिल्यांदा कुणी टाकले तर त्यांनीच. चांगले फोटो, कपडे कुणाचे तेही लिहिलेलं. मग आता मी काय ओळखू? एअरपोर्टवर फोटोग्राफर उभे असतात त्यांना येण्याची वेळ कुणीतरी कळवलेली असते, जिमबाहेरचे फोटो रोज, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्याला बघतायत हे माहिती असल्याचं हसू. घटस्फोटाचीसुद्धा पोस्ट येते, पांढऱ्या अक्षरांत, परस्पर आदर आणि खाजगीपणा जपा वगैरे. ओट्यावर बसून बोलण्यासारखं त्यात काय ठेवलंय? सगळं त्यांनीच आधी बोलून ठेवलेलं.

नाव न घेता लिहिण्याचा प्रकार मात्र मेलेला नाही, तो रेडिटवर गेलाय. माझ्या भाचीनं मला दाखवलं, तिथं पोरंपोरी अंदाज बांधत बसलेली असतात, ए लिस्टमधला अमुक, नेपोकिड (म्हणजे सिनेमावाल्यांचीच पोरं) तमुक, आणि खाली शंभर जण भांडतायत. मी वाचता वाचता रात्रीचे दोन वाजवले. भाची बंगळुरूला एकटी राहते, आयटीत आहे, लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते. पण एका नटीनं लग्नाच्या दोन वर्षांत नवऱ्याला सोडलं त्यावर तिनं मला एवढा मोठा व्हॉइस मेसेज पाठवला, सात मिनिटांचा, की त्या नटीनं आधीच ओळखायला पाहिजे होतं, घरच्यांसाठी म्हणून कुणी करतं का, वगैरे वगैरे. मी तिच्या आईला काही बोलले नाही. मी फक्त त्या नटीबद्दल माझं मत कळवलं, तेही सात मिनिटांचं.

बाकी, कुणाकडे ऐंशी ते नव्वदमधले रसरंग किंवा चंदेरीचे अंक माळ्यावर पडले असतील तर प्लीज कळवा. रद्दीच्या भावापेक्षा नक्की जास्त देईन, पोस्टर कापलेलं असलं तरी चालेल.